घरच्या सामानाचे लाकूड : बेळगाव-खानापूर परिसरातील निवडीचा आणि पारखेचा मागोवा

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून पूर्वेकडे येताना बेळगाव जिल्ह्यात अवघ्या काही कोसांच्या अंतरात पावसाचे मान बदलते आणि त्याबरोबर झाडेही बदलतात. मलप्रभेचा उगम जेथे होतो त्या कणकुंबीच्या बाजूस सदाहरित रान आहे. खानापूर, लोंढा आणि शेजारच्या हल्याळ-दांडेली भागात साग, ऐन, किंजळ, शिसव, बिबळा यांचे पानगळीचे जंगल आहे. बेळगावच्या पूर्वेस मात्र बाभूळ, कडुनिंब आणि चिंच यांचा मुलूख सुरू होतो. लाकडाची इतकी विविधता हाताशी असलेले प्रदेश थोडे. साहजिकच येथील जुन्या घरांतले पाट, पलंग, फडताळे, देव्हारे आणि झोपाळे पाहिले, तर त्यांत एकाच जातीचे लाकूड क्वचित सापडते.

तयार सामान दुकानातून विकत आणण्याची रीत फार जुनी नाही. सुताराला घरी बोलवावे, पडवीत त्याने वाकस, रंधा, पटाशी आणि खतावणी मांडून बसावे आणि घरधन्याने जमवून ठेवलेल्या लाकडातून हवी ती वस्तू करून द्यावी, हीच पद्धत मराठी मुलखात दीर्घकाळ रूढ होती. मजुरी सुताराची आणि लाकूड घरचे, असा हा व्यवहार होता. त्यामुळे कोणते लाकूड कोणत्या कामास घ्यावे आणि हाती आले ते खरोखर तेच आहे की नाही, हे घरधन्यालाही कळावे लागे. मात्र ही निवड केवळ लाकडाच्या गुणावर कधीच झाली नाही. झाड कोणाच्या मालकीचे, ते तोडण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांनी घरातील सामानाचे रूप ठरविले. लाकडाचा हा इतिहास म्हणूनच सुतारकामाचा जितका, तितकाच राज्यकारभाराचाही आहे.

शास्त्रग्रंथातील निवड

आसन आणि शय्या यांना कोणते लाकूड योग्य, याचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. सहाव्या शतकात अवंतीत होऊन गेलेल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात शय्या व आसन यांच्या लक्षणांसाठी स्वतंत्र अध्याय दिला. त्यात प्रशस्त वृक्षांची यादी येते. शाक म्हणजे साग, काश्मरी म्हणजे शिवण, तिंदुकी म्हणजे टेंभुर्णीच्या कुळातील झाड, शिवाय शिंशपा, चंदन, देवदार, शाल आणि असन अशी ती नावे आहेत. शिंशपा म्हणजे उत्तरेकडचा शिसम की दक्षिणेकडची शिसव आणि असन म्हणजे बिबळा की ऐन, याबद्दल अर्थ लावणाऱ्यांत मतभेद आहेत. लाकडाच्या व्यवहारात नावाचा घोळ किती जुना आहे, हे यावरून ध्यानी येते.

त्याच अध्यायात वर्ज्य झाडेही सांगितली आहेत. वीज पडलेले, वादळाने, पुराने किंवा हत्तीने पाडलेले, मधमाश्यांनी वा पक्ष्यांनी घर केलेले, वेलींनी वेढलेले, तसेच स्मशानातील आणि देवालयाजवळील झाड घेऊ नये, असा दंडक आहे. यांतील काही निषेध श्रद्धेचे आहेत. परंतु विजेच्या झाडाला आतून चिरा गेलेल्या असतात, वादळात पडलेल्या खोडाचे तंतू आतल्या आत तुटलेले असू शकतात आणि जेथे पक्षी ढोली करतात तेथे गाभा कुजलेला असण्याचा संभव मोठा, हे आजचा सुतारही मान्य करील. शुभाशुभाच्या भाषेत येथे अनुभवाची नोंद झाली आहे.

आज्ञापत्रातील आंबा आणि फणस

मराठेशाहीच्या काळात लाकडाचा सर्वांत मोठा ग्राहक आरमार हा होता. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे स्पष्ट नियम आहेत. रानातील सागवानादी झाडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत आणि त्याहून अधिक लागेल ते परमुलखातून खरेदी करून आणावे, असे अमात्य सांगतात. आंबा आणि फणस ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची आहेत हे त्यांना ठाऊक आहे. तरीही त्यांना हात लावण्यास ते मनाई करतात. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत, रयतेने ती मुलांप्रमाणे जोपासलेली असतात, ती तोडल्यास तिच्या दुःखाला पारावार राहणार नाही, असे कारण ते देतात. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून आणि द्रव्य देऊन तोडावे, बळजबरी करू नये, असेही बजावतात.

या आज्ञेत झाडांची जी विभागणी दिसते, ती पुढे दीर्घकाळ टिकली. साग हा रानाचा आणि राज्याचा. आंबा आणि फणस हे परसातले आणि घरचे. सामान्य कुटुंबाच्या घरात फणसाचे पाट आणि आंब्याच्या फळ्या अधिक का दिसतात, याचे उत्तर या विभागणीत आहे. ते लाकूड साऱ्यांत उत्तम होते म्हणून नव्हे, तर ते आपले होते म्हणून.

सरकारी जंगल आणि लाकडाचे आगार

इंग्रजी अमलात राज्याची ही मालकी कायद्याच्या चौकटीत आली. मलबारच्या सागावर जहाजबांधणीची भिस्त होती, म्हणून कंपनी सरकारने १८०६ साली कॅप्टन वॉटसन यास पश्चिम किनाऱ्यावरील सागाच्या जंगलांचा संरक्षक नेमले. त्या व्यवस्थेविरुद्ध तक्रारी वाढल्यावर १८२३ साली ते पद रद्द झाले. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने सागवानातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही १८१७ ची युद्धनौका इंग्लंडमध्ये आजही तरंगत ठेवलेली आहे. सागाच्या टिकाऊपणाचा याहून बोलका दाखला नाही.

मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे वनसंरक्षक झाले. निकोल डाल्झेल यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ हा वनस्पतिग्रंथ १८६१ साली निघाला. १८६२ साली उत्तर कॅनरा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि बेळगाव, खानापूर, हल्याळ, सुपे हा जंगलाचा सलग पट्टा एकाच सरकारच्या हाती गेला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांचे वर्ग पाडले. साग, शिसव आणि चंदन ही झाडे अनेक ठिकाणी खाजगी जमिनीत उभी असली तरी सरकारी मानली गेली. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे बेळगाव-लोंढ्यावरून गेली व कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदराशी जोडली गेली. रेल्वेला स्लीपरसाठी लाकूड हवे होते आणि जंगलातले लाकूड दूरच्या बाजारात नेण्यासाठी रेल्वे सोयीची होती. मागणी आणि वाहतूक एकाच वेळी वाढली.

याचा परिणाम घरापर्यंत पोहोचला. पूर्वी जे लाकूड रानातून ओळखीने वा परवानगीने येई, ते आता सरकारी आगारातून लिलावाने येऊ लागले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या जंगलविषयक गाऱ्हाण्यांसाठी सरकारला १८८५ साली स्वतंत्र आयोग नेमावा लागला, यावरून या बदलाची तीव्रता लक्षात येते. दुसऱ्या बाजूने, लाकडाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पायाही याच काळात घातला गेला. जे. एस. गॅम्बल यांचे भारतीय लाकडांवरील पुस्तक १८८१ साली आले. कारवारच्या जंगलांत नोकरी केलेल्या डब्ल्यू. ए. टॅल्बट यांचा मुंबई इलाखा व सिंध यांच्या वनवृक्षांवरील ग्रंथ १९०९ ते १९११ या काळात प्रसिद्ध झाला. डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ ची. सुताराच्या बोटांत असलेले ज्ञान प्रथमच छापील पानांवर येऊ लागले.

एक झाड, अनेक नावे

सीमाभागातील लाकडाच्या व्यवहारात भाषेचा प्रश्न नेहमीचा. मराठी घरधन्याचा ‘ऐन’ हा कानडी सुताराचा ‘मत्ती’ आणि गोव्याचा ‘माटी’. तोच आज गोव्याचा राज्यवृक्ष आहे. ‘बिबळा’ म्हणजे ‘होन्ने’, ‘शिसव’ म्हणजे ‘बीटे’, ‘नाणा’ म्हणजे ‘नंदी’, ‘फणस’ म्हणजे ‘हलसु’ आणि ‘साग’ म्हणजे ‘तेग’. ‘जांभा’ म्हटले की मराठी माणसाला लाल चिरा आठवतो, पण त्याच नावाचे एक अतिशय कठीण लाकडाचे झाडही या जंगलात आहे आणि कानडीत त्यास ‘जंबे’ म्हणतात. दोन भाषांतील नावे माहीत नसलेला ग्राहक आगारात सहज फसे. म्हणून जाणती माणसे नावावर न विसंबता लाकडाचा तुकडाच हाती घेत.

कोणत्या वस्तूला कोणते लाकूड

लाकडाचे गुण ध्यानात घेऊन वस्तू ठरवावी, हा जुना नियम. सागाचे मोठेपण त्याच्या कठीणपणात नाही. एका घनमीटरला सुमारे ६५० किलो वजनाचे हे मध्यम लाकूड आहे आणि या जंगलातील अनेक लाकडे त्याहून जड व बळकट आहेत. सागाचे वैशिष्ट्य असे की वाळताना तो फार आकसत नाही, पावसाळ्यात फार फुगत नाही आणि त्याच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी व बुरशी त्यास सहसा लागत नाही. दारे, कपाटे आणि खणांच्या पेट्या, म्हणजे जेथे सांधे वर्षानुवर्षे नेमके राहिले पाहिजेत, तेथे सागास तोड नाही.

शिसव सुमारे ८५० किलोची, जड, जांभळट-काळ्या रेघांची. तिच्यावर बारीक कोरीव काम उठून दिसते. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील कोरीव शिसवी सामानाचा मोठा लौकिक होता. पाळणा, झोपाळा, पलंगाचे खूर, लाटणे अशा भार किंवा घासणे सहन करणाऱ्या वस्तूंस ती उत्तम. ऐन हा बळकटपणात तिच्या तोडीचा, पण वाळताना तडकणारा व मुरडणारा. म्हणून तो तुळया, वासे व खांब यांस अधिक वापरला गेला. बिबळाही घरबांधणीस आणि सामानास चांगला, परंतु त्याचा पिवळा-तपकिरी रंग पाण्यात उतरतो, याची जाणीव ठेवावी लागते.

फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते व वर्षांगणिक तांबूस-तपकिरी होत जाते. सागाहून किंचित हलके, रंध्यास सोपे आणि टिकाऊ असल्याने पाट, चौरंग, देव्हारा यांस ते फार मानवते. शिवण सुमारे ५०० किलोची, फिकट आणि हलकी. ती मुरडत नाही, हा तिचा खास गुण. म्हणून चित्रांच्या चौकटी, खण आणि वाद्ये यांस तिला पसंती मिळाली. हेद पिवळसर आणि अतिशय बारीक पोताचा; फण्या व कातकाम त्यातून सुबक होते. खैर आणि बाभूळ हे मुसळ, नांगर आणि गाडी यांचे लाकूड. आंबा सर्वांत सुलभ, पण त्यास कीड लवकर लागते. तो साध्या फळ्या, बाके व खोकी यांपुरता घ्यावा आणि घेतल्यास आधी काही महिने पाण्यात बुडवून ठेवावा, ही जुनी रीत. पाण्यात लाकडातील पिष्ठ निघून जाते आणि भुशाचे किडे त्याकडे वळत नाहीत, असा तिचा शास्त्रीय अर्थ आहे.

लाकूड कोणतेही असो, ते मुरलेले असावे. एक इंच जाडीच्या फळीला सावलीत, हवेशीर रचून ठेवल्यास साधारण वर्षभर लागते, असा ठोकताळा आहे. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. बदलते ते रुंदीत. म्हणूनच जुन्या सुतारांनी रुंद दिला चौकटीच्या खाचेत सैल बसविला आणि चौकट मात्र कुसू-सालीने घट्ट केली. असे दार शंभर पावसाळे पाहूनही फाटत नाही.

पारख

लाकूड ओळखण्याची खरी जागा म्हणजे फळीचा पृष्ठभाग नव्हे, तर तिचे टोक. धारदार चाकूने टोकाचा लहानसा भाग स्वच्छ तासावा, किंचित ओला करावा आणि साध्या भिंगातून पाहावा. खोडातून पाणी वर नेणाऱ्या नलिका तेथे छिद्रांच्या रूपाने दिसतात. सागात प्रत्येक वर्षीच्या वाढीच्या आरंभी मोठ्या छिद्रांची ओळ असते आणि पुढे ती बारीक होत जातात. ही वलये नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. ऐनात छिद्रे विखुरलेली असून त्यांभोवती फिकट कडे असते. फणसाची छिद्रे मोठी आणि विरळ. हेदाची इतकी सूक्ष्म की भिंगाशिवाय दिसतच नाहीत.

मग नाक आणि हात यांची पाळी. ताज्या तासलेल्या सागाला जुन्या चामड्यासारखा वास येतो व त्याचा भुसा बोटांना किंचित तेलकट लागतो. शिसवेचा वास मंद व गोड. बिबळ्याची कसोटी सर्वांत सोपी आणि चमत्कारिक वाटावी अशी आहे. त्याच्या गाभ्याचे काही तुकडे स्वच्छ पाण्यात टाकून ठेवले की पाणी पिवळसर होते आणि उजेडात तिरपे पाहिले असता त्यावर निळी झाक दिसते. याच लाकडाचे पेले करून त्यातील पाणी मधुमेहावर देण्याची प्रथा आहे.

पारखेतील अखेरचा व सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे गाभा आणि बाहेरचे पांढरे लाकूड यांतील भेद. सागाचे पांढरे लाकूड सागाचेच असते, पण त्यात गाभ्याचा टिकाऊपणा नसतो. सागवान घेऊनही वाळवी लागली अशी तक्रार होते, तेव्हा दोष जातीचा नसतो. फळीतील पांढऱ्या पट्ट्याचा असतो.

विसाव्या शतकातील बदल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोलमीन व रंगून येथून ब्रह्मी साग मोठ्या प्रमाणात मुंबईस येऊ लागला. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा कंपनीचा त्यात मोठा वाटा होता. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश व्यापल्यावर ही आवक खंडित झाली आणि दांडेलीच्या सागावरील ताण वाढला. त्यानंतरच्या काळात प्लायवूड, लोखंडी कपाटे आणि पुढे भुशाच्या दाबीव फळ्या आल्या. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगलाकडे महसुलाचे साधन म्हणून पाहण्याचे धोरण सोडले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेशिवाय जंगलातील तोड थांबविण्याचा आदेश दिला. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. २०१७ च्या आरंभापासून शिसवेच्या संपूर्ण प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याच्या कक्षेत आला.

जंगलाच्या दृष्टीने हे निर्बंध आवश्यक होते, यात शंका नाही. मात्र त्यामुळे बाजारात नवी लाकडे आणि जुनी नावे अशी स्थिती झाली. ‘आफ्रिकी साग’ या नावाने विकले जाणारे इरोको हे लाकूड सागाच्या कुळातलेच नाही. ते फणसाच्या कुळातले आहे. उलट आपल्या परसातली साधी शिवण मात्र सागाची खरी भाऊबंद. इरोको वाईट लाकूड नव्हे, परंतु सागाचे मोल देऊन ते घेणाऱ्यास सत्य कळले पाहिजे. लागवडीचा, लवकर तोडलेला साग हा खरा साग असतो, पण त्यात पांढऱ्या लाकडाचा अंश अधिक असतो. पूर्वी अशा वेळी सुतार फळीच्या टोकावर रंधा फिरवून शंका फेडी. आता लाकूड बहुधा सनमायक्याखाली झाकलेले असते आणि ग्राहकाला दिसते ते केवळ छापील रेघांचे चित्र.

जुने सामान, जुनी कागदपत्रे

या परिस्थितीत जुन्या घरांतील आणि जुन्या वाचनालयांतील सामानाला वेगळेच महत्त्व आले आहे. दर्शनी बाजूस पॉलिश असले तरी कपाटाची पाठ, खणांचा तळ आणि खुरांची खालची टोके यांवर सहसा रंग चढविलेला नसतो. तेथे लाकूड स्वतःच्या रूपात दिसते. पुढची चौकट सागाची, खण शिवणीचे आणि पाठीची फळी आंब्याची, अशी रचना आढळली तर त्यावरून करवून घेणाऱ्याची ऐपत, सुताराचे शहाणपण आणि त्या काळी काय मिळत होते, या तिन्ही गोष्टी वाचता येतात. असे कपाट मोडीत काढण्यापूर्वी त्याची पाठ एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे. शंका असल्यास लहानसा तुकडा बंगळूर येथील काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेकडे पाठवून जात निश्चित करून घेता येते.

ग्रंथप्रेमींनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. सागवानी कपाट वाळवीला दाद देत नाही, परंतु ते आतील पुस्तकांचे रक्षण करतेच असे नाही. वाळवी भिंतीवरून मातीची नळी बांधत येते, कपाटाला स्पर्श न करता पाठीच्या फटीतून शिरते आणि कागदावर ताव मारते. म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे, खूर जमिनीच्या ओलीपासून वेगळे राखावेत आणि पाठीची फळी पांढऱ्या लाकडाची असल्यास तिला बोरिक आम्ल व टाकणखार यांचे पाणी द्यावे. चांगले लाकूड निवडणे हे पूर्वसूरींचे काम होते व ते त्यांनी बहुतेक ठिकाणी चोख केले. त्याची पाठ भिंतीला न टेकू देणे, एवढे काम त्यांनी पुढच्यांसाठी ठेवले आहे.